उसाच्या बेटावरचा चष्मेवाला

दिवाळी सरली की सोनईत मुळा कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या गाड्या लागतात. कोप्या पडतात, पहाटेच कोयते चालू होतात. साखरेची गोडी कोणाच्या घामातून येते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. म्हणूनच उसाच्याच एका दूरच्या बेटावरील इवल्याशा पक्ष्याची हकिकत आम्ही देत आहोत.

हिंदी महासागरात मॉरिशस हे बेट आहे. सतराव्या शतकात कायमचा संपलेला डोडो पक्षी तिथलाच. तिथल्या जंगलात हिरवा चष्मेवाला राहतो. जगात इतरत्र तो कुठेही नाही. लांबी सुमारे १० सेंटिमीटर, अंग शेवाळी हिरवे, डोळ्यांभोवती पांढरे कडे. बारीक, बाकदार चोच फुलात घालून तो मध पितो. त्याच्या जिभेचे टोक कुंचल्यासारखे असते. मधाबरोबर तो किडेही खातो.

गोऱ्या मळेवाल्यांनी हे जंगल तोडून ऊस लावला. आधी गुलाम राबवले. गुलामगिरी बंद होऊ लागली, तेव्हा १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. पुढे हा आकडा पाच लाखांच्या जवळ गेला. मुंबई बंदरातून गेलेले मराठी मजूरही त्यांत होते. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. मजूर जिथे उतरत, तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसा ठरला. तिथला गिरमिट आणि आपल्याकडची उचल एकाच माळेचे मणी. मजुराला उसाने घरापासून तोडले, पक्ष्याचे उसाने घरच तोडले. जमिनीचा निर्णय मात्र दोघांच्याही हाती नव्हता.

उरलेल्या रानात जहाजांतून आलेल्या उंदरांनी अंडी-पिल्ले खाल्ली. परदेशी झुडपांनी मूळ झाडे दाबली. आता चष्मेवाल्याच्या शे-दीडशेच जोड्या उरल्या आहेत. पण माणसे हात बांधून बसली नाहीत. जवळच्या इल-ओ-एग्रेत या छोट्या बेटावरचे उंदीर हटवले, परकी झुडपे उपटली, मूळ झाडे लावली. २००६ पासून तिथे चष्मेवाले सोडले. त्यांना वरून खाऊही दिला. तिथे त्यांनी घरटी केली, पिल्ले वाढवली.

सम्राट अशोकाने स्तंभलेखात पोपट-मैनेसारख्या पक्ष्यांना मारू नये, असे कोरून ठेवले. आपले पहिले शीलही जीवहिंसा टाळण्याचे. पण पक्षी नुसता न मारल्याने जगत नाही. त्याला फूल लागते, झुडूप लागते.

आपल्याकडे मध पिणारा शिंजीर अजून दिसतो. बांधावरच्या रुईवर, दारच्या जास्वंदीवर तो येतो. कधी पडवीतल्या तारेलाच त्याची मादी लोंबते घरटे विणते. बांधावरचे प्रत्येक झुडूप पेटवून देऊ नका. दारात एक जास्वंद लावा. घरटे दिसले तर मुलांना लांबूनच दाखवा. पिल्ले उडेपर्यंत ती तार तेवढी त्यांची राहू द्या.