जवळचा मार्ग कोणता?

मुलांनो, वर्गातील भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा पाहा. डावीकडे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर न्यूयॉर्क आहे. उजवीकडे, विषुववृत्ताच्या अगदी निकट, सिंगापूर आहे. या दोन शहरांमध्ये पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती हिंदी महासागर, आफ्रिका आणि अटलांटिक महासागर यांवरून जाते. हाच सर्वांत जवळचा मार्ग, असे वाटणे साहजिक आहे. परंतु येथेच आपली फसगत होते.

आता पृथ्वीचा गोल घ्या. दोऱ्याची दोन टोके या दोन शहरांवर धरून दोरा घट्ट ताणा. काय आश्चर्य! दोरा सरकत सरकत थेट उत्तर ध्रुवाजवळ जाऊन स्थिरावतो. पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. म्हणूनच नकाशावरची सरळ रेघ खरा जवळचा मार्ग दाखवीत नाही. दोऱ्याच्या मार्गाने हे अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर भरते.

इतके अंतर वाटेत कोठेही न उतरता कापणारी विमानसेवा २०१८ च्या ऑक्टोबर महिन्यात सिंगापूरहून पुन्हा सुरू झाली. न्यूयॉर्कलगतच्या नेवार्क येथे हे विमान प्रथम उतरले. त्यासाठी खास सिद्ध केलेल्या एअरबस विमानात १,६५,००० लिटर इंधन मावते. टाक्या काठोकाठ भरल्या, की उड्डाणाच्या वेळी विमानाच्या एकूण वजनापैकी जवळजवळ निम्मे वजन एकट्या इंधनाचेच असते! वाटेत जाळावयाचे इंधनही आधी वाहून न्यावे लागते आणि ते वाहण्यासाठी पुन्हा इंधन लागते. म्हणून या विमानात आसने केवळ १६१ ठेविली. प्रवास अठरा तासांच्या आसपास चालतो. तेव्हा चार वैमानिक आळीपाळीने काम व विश्रांती घेतात.

मग हे विमान न्यूयॉर्कला जाताना ध्रुवावरूनच जात असेल, नाही का? नाही! बहुधा ते पूर्वेकडे वळून पॅसिफिक महासागर ओलांडते. असे का? सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रचंड वेगाने वारे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग कधी कधी ताशी दोनशे किलोमीटरांहूनही अधिक असतो. नावाडी जसा प्रवाहाचा लाभ घेतो, तसाच वैमानिक या वाऱ्याचा लाभ घेतो. अंतर वाढते, परंतु वेळ आणि इंधन वाचते. वारा दररोज सारखा नसतो, म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी हवामान पाहूनच मार्ग ठरवितात. तो चुकला, तर इंधन अपुरे पडून मध्येच उतरावे लागेल.

नकाशा एक मार्ग दाखवितो, दोरा दुसरा आणि वारा तिसरा. तिघांचेही ऐकून जो निर्णय घेतो, तोच प्रवाशांना सुखरूप पैलतीरी नेतो.