घर पाडण्यापूर्वी वटवाघळांची पाहणी

नवी इमारत बांधण्याची परवानगी मागणाऱ्या माणसाला महानगरपालिका अनेक प्रश्न विचारते. भूखंड कोणाच्या मालकीचा आहे, समोरचा रस्ता किती रुंद आहे, चारी बाजूंना किती जागा मोकळी सोडली आहे, सांडपाण्याचा निचरा कसा होणार, असे ते प्रश्न असतात. रायपूर शहरात हा सर्व व्यवहार छत्तीसगड भूमी विकास नियम, १९८४ यांना अनुसरून चालतो. १ नोव्हेंबर २००० रोजी रायपूर नव्या राज्याची राजधानी झाले आणि शहराचा विस्तार झपाट्याने होऊ लागला. समता कॉलोनीसारख्या वसाहतीत एखादे बैठे घर पाडून त्या जागी बहुमजली इमारत उभी राहावी, यात आता कोणाला नवल वाटत नाही. परंतु परवानगीच्या अर्जात एक प्रश्न नसतो. जे घर पाडावयाचे आहे, त्यात माणसांखेरीज आणखी कोणाचा निवास आहे काय? ब्रिटनमध्ये मात्र हा प्रश्न नगररचनेच्या व्यवहाराचाच एक भाग झाला आहे, आणि तो प्रामुख्याने विचारला जातो तो वटवाघळांच्या संदर्भात.

वटवाघूळ म्हटले की वडापिंपळावर उलटी लोंबकळणारी मोठी फलभक्षी वटवाघळे आपल्या डोळ्यांपुढे येतात. ती झाडावर राहतात व सहज दिसतात. घरात राहणारी वटवाघळे बहुधा निराळी असतात. ती लहान, कीटकभक्षी आणि विलक्षण गुप्तपणे राहणारी असतात. काही भागांत त्यांना पाकोळी म्हणतात. मात्र हेच नाव वळचणीला घरटे करणाऱ्या एका पक्ष्यालाही दिले जाते. पिपिस्ट्रेल गटातील सर्वांत लहान भारतीय वटवाघळाचे वजन जेमतेम तीन-चार ग्रॅम असते. भिंत आणि तुळई यांमधील फट, कौलांखालची पोकळी, दाराच्या चौकटीमागची भेग किंवा दुकानाच्या पाटीमागची जागा त्याला पुरते. म्हणूनच घरात वर्षानुवर्षे राहणाऱ्या माणसालाही आपल्या या शेजाऱ्याचा पत्ता नसतो.

उंदराएवढ्या आकाराचा प्राणी उंदराप्रमाणेच भराभर वाढत असेल, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. बहुतेक जातींची मादी एका वेळी एकच पिलू देते आणि पुष्कळ जातींत ते वर्षातून एकदाच होते. नागपूरच्या विज्ञान संस्थेत ए. गोपालकृष्ण व त्यांचे सहकारी यांनी भारतीय वटवाघळांच्या प्रजननाचा अनेक वर्षे अभ्यास केला. ओसाड घरांत व जुन्या देवळांत राहणाऱ्या मेगॅडर्मा लायरा या मोठ्या कानांच्या जातीत समागम नोव्हेंबरच्या सुमारास होतो आणि पिलू एप्रिलच्या सुमारास जन्मते. आपल्याकडे पाडकाम पावसाळ्यापूर्वी उरकण्याची रीत आहे. म्हणजे नेमक्या ज्या दिवसांत पिलांना उडता येत नाही, त्याच दिवसांत छतावर घण पडतात. प्रौढ वटवाघळे कदाचित निसटतील. पिले निसटणार नाहीत. दुसरीकडे, चिमुकल्या पिपिस्ट्रेलची वीण वर्षभर चालू असते. तात्पर्य, अमुक महिना निर्धोक असे पंचांग पाहून ठरविता येत नाही. ते त्या त्या घरातच जाऊन पाहावे लागते.

हे पाहण्याची शास्त्रशुद्ध पद्धत ब्रिटनमध्ये विकसित झाली. तेथील १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण प्रदेश कायद्याने वटवाघळांना आणि त्यांच्या वसतिस्थानांना संरक्षण दिले. त्यामुळे आज फट रिकामी दिसली तरी, वटवाघळे तिचा उपयोग करतात असे सिद्ध झाल्यास ती नष्ट करता येत नाही. ऋतुमानाप्रमाणे जागा बदलून पुन्हा जुन्या जागी परतणे हा या प्राण्यांचा स्वभाव असल्याने ही तरतूद आवश्यक ठरली.

पाहणीचा पहिला टप्पा दिवसा पार पडतो. जाणकार व्यक्ती विजेरी, शिडी आणि आरसा घेऊन माळा, आढे, वळचण व भिंतींतील भेगा तपासते. प्रत्यक्ष प्राणी दिसतोच असे नाही, म्हणून खुणांचा शोध घेतला जातो. सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे लेंड्या. त्या उंदराच्या लेंड्यांसारख्याच दिसतात. परंतु वाळलेली लेंडी कागदात धरून दाबली असता तिचा भुगा होतो आणि त्यात कीटकांच्या कवचांचे चकचकीत कण आढळतात. उंदराची लेंडी कठीण राहते. फटीच्या तोंडाशी अंगाच्या स्निग्धतेने पडलेला काळपट डाग आणि जमिनीवर विखुरलेले पतंगांचे पंख, याही खुणाच होत.

या तपासणीवरून घरात वटवाघळे असण्याची शक्यता नगण्य, अल्प, मध्यम की अधिक हे ठरविले जाते. शक्यता असल्यास दुसरा टप्पा येतो. मे ते सप्टेंबर या काळात, सूर्यास्तापूर्वी सुमारे पाव तास, निरीक्षक घराच्या निरनिराळ्या बाजूंना बसतात आणि अंधार पडल्यानंतरही दीड-दोन तास लक्ष ठेवतात. वटवाघळांचे बहुतेक चीत्कार २०,००० हर्ट्झपेक्षा अधिक वारंवारतेचे, म्हणजे मनुष्याच्या श्रवणशक्तीपलीकडचे असतात. एक लहान उपकरण त्यांचे ऐकू येणाऱ्या ध्वनीत रूपांतर करते. त्यावरून पुष्कळदा जातही ओळखता येते. अलीकडे अवरक्त किरणांवर चालणारे कॅमेरेही सोबत लावले जातात.

ही पाहणी परवानगीनंतर न करता परवानगीपूर्वीच का करावयाची, याचे उत्तर इंग्लंडमधील २००५ च्या एका सरकारी परिपत्रकात आहे. संरक्षित प्राणी त्या जागी आहे की नाही आणि बांधकामाचा त्याच्यावर किती परिणाम होईल, हे निर्णयापूर्वीच निश्चित झाले पाहिजे, असे त्याचे सांगणे आहे. यामागचा विचार सरळ आहे. नकाशा कागदावर असतो तोवर त्यात बदल करता येतो. पाडकामाचा महिना पुढेमागे करता येतो, नव्या भिंतीत वटवाघळांसाठी पोकळी ठेवता येते, दिव्यांची दिशा बदलता येते. एकदा ठेकेदार नेमला गेला, कर्ज उचलले गेले, म्हणजे हाती आलेली माहिती केवळ अडथळा ठरते. पाहणीमुळे बहुतेक कामे रद्द होत नाहीत. ती कधी व कशी करावी एवढेच बदलते.

भारतात अशी सक्ती नाही. २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर वा त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांना पर्यावरणविषयक पूर्वपरवानगी घ्यावी लागते. एखाद्या घराच्या जागी उभी राहणारी इमारत सामान्यतः या मर्यादेत येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फलभक्षी वटवाघळांची गणना दीर्घकाळ उपद्रवी प्राण्यांत होत होती. ती अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने वगळली आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. बांधकामापूर्वी सजीवांची मोजदाद करण्याची कल्पना मात्र आपल्याला अगदीच परकी नाही. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्यानुसार शहरातील झाड तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. अंगणातील झाडाची नोंद होते. छतातील प्राण्याची होत नाही, एवढाच फरक.

नोंद झाल्याने काय साधते, याचे उदाहरण मराठी भाषकांच्या सीमाभागातच आहे. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील बारापेडे गुहांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणात एक नवीन वटवाघूळ सापडले. १९१३ मध्ये त्याला रॉटनचे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत जगात त्याचे हे एकच ठिकाण ज्ञात होते. पुढे कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळालेल्या मोजक्या वटवाघळांत त्याची गणना झाली. कोणी तेथे जाऊन पाहिले नसते, तर रक्षण करण्याजोगे तेथे काही आहे हे कळण्याचाही मार्ग नव्हता.

रोगभयाचा प्रश्न येथे टाळता येणार नाही. २०२० मध्ये महाबळेश्वर येथील गुहेतून घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला निपाह विषाणूची प्रतिपिंडे आढळली. यावरून अंतर राखण्याचा धडा घ्यावा. वटवाघळाला उघड्या हाताने स्पर्श करू नये आणि माळ्यावर जाताना नाकातोंडावर कापड बांधावे. फटी बुजविणे व धूर करणे यांमुळे प्राणी सैरावैरा उडून माणसांच्याच निकट येतात.

समता कॉलोनीतील घरमालकाला कायदा काही करावयास सांगत नाही. परंतु करण्याजोगे पुष्कळ आहे. नकाशा तयार होण्यापूर्वी दोन-तीन संध्याकाळी अंगणात बसून छज्जा व वळचण यांवर नजर ठेवावी. प्राणी बाहेर पडताना दिसल्यास संख्या, वेळ व जागा लिहून ठेवावी आणि जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या अध्यापकांना दाखवावी. पिले असतील तर ती उडू लागेपर्यंत थांबावे. त्यानंतर संध्याकाळी वटवाघळे बाहेर गेल्यावर फट बंद करावी आणि आत कोणी राहिले नाही याची खात्री करूनच पाडकाम सुरू करावे. नव्या इमारतीच्या भिंतीत एक अरुंद लाकडी पेटी बसविण्यास खर्च थोडा येतो. घर पाडण्याचा हक्क मालकाचाच आहे. आत कोण आहे हे पाहून तो बजावण्यास फार तर काही आठवड्यांचा उशीर होईल. न पाहता बजावल्यास एका वसाहतीची त्या वर्षीची सगळी पिले ढिगाऱ्याखाली जातील आणि त्याची नोंद कोठेही राहणार नाही.