ट्रॅकवर जाण्याआधी जुनी टर्बो गाडी

बीडपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत, स्कोडा कंपनीने २००१ पासून ऑक्टाव्हिया मोटारीची जुळणी सुरू केली आणि २००४ मध्ये तिची आरएस ही वेगवान आवृत्ती बाजारात आणली, तेव्हा टर्बो बसवलेले पेट्रोल इंजिन भारतीय ग्राहकाला जवळजवळ अपरिचित होते. टर्बो म्हटले की ट्रकचे किंवा जीपचे डिझेल इंजिनच डोळ्यांसमोर येई. पुढे २०१५ मध्ये पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यातून १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो आली. महाराष्ट्रातच आकाराला आलेल्या या मोटारी आज जुन्या बाजारात मिळतात आणि त्या घेणाऱ्यांपैकी काहींची इच्छा ‘ट्रॅक डे’ला जाण्याची असते. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. ठरावीक शुल्क भरून, बंदिस्त मार्गावर, पंधरा-वीस मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये आपली गाडी पूर्ण क्षमतेने चालवण्याचा तो दिवस असतो.

असा मार्ग बीड जिल्ह्यात नाही. शेजारच्या अहिल्यानगरला वाहनांच्या चाचणीचा मार्ग आहे, पण तो संरक्षण संशोधन संस्थेचा असल्यामुळे हौशी चालकांच्या कामाचा नाही आणि कोल्हापूरचा मोहिते यांचा ट्रॅक प्रामुख्याने छोट्या कार्टसाठी आहे. म्हणून मोटार न्यायची ती चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील १९९० पासून चालू असलेल्या ३.७ किलोमीटरच्या मार्गावर किंवा कोइमतूरच्या २.१ किलोमीटरच्या कारी मार्गावर. धारूरचा किंवा मांजरसुंब्याचा घाट हा त्याला पर्याय नाही, हे येथेच स्पष्ट सांगितले पाहिजे. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची स्पर्धा करणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहेच, शिवाय गळीत हंगामात त्या वळणांच्या पलीकडून उसाने भरलेली ट्रॉली येत असते.

टर्बोची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याच्या १९०५ च्या पेटंटपर्यंत मागे जाते. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एक छोटे चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते आणि जास्त हवेबरोबर जास्त इंधन जळून शक्ती वाढते. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि त्याला आधार असतो तो केवळ तेलाच्या पातळ थराचा. मात्र हवा दाबली की ती तापते. बीडच्या मे महिन्यातील ४० अंशांची हवा वातावरणाच्या १.६ पट दाबापर्यंत नेली, तर ती टर्बोतून बाहेर पडताना १०० अंशांच्या आसपास पोहोचते. तिला थंड करण्यासाठी इंटरकूलर, म्हणजे हवेचा रॅडिएटर, असतो. ऑक्टाव्हियामध्ये तो पुढच्या चाकाजवळ बंपरच्या आड दडलेला असल्याने वीस वर्षांची धूळ आणि चिखल त्याच्या जाळीत घट्ट बसलेला सापडतो. इंटरकूलर गुदमरला की तापलेल्या हवेमुळे इंधन अवेळी पेट घेते, इंजिनाचा संगणक ते टाळण्यासाठी ठिणगीची वेळ मागे खेचतो आणि तीन-चार फेऱ्यांतच गाडीचा पिकअप पडतो.

त्यामुळे जुनी टर्बो गाडी घेतल्याबरोबर संगणकाची आज्ञावली बदलून दाब वाढवण्याची जी पद्धत पडली आहे, ती उलट्या क्रमाची आहे. आधी उष्णता बाहेर काढण्याची सोय आणि मग, गरज उरलीच तर, शक्ती. ऑक्टाव्हियाच्या १.८ लिटरच्या इंजिनात पाण्याच्या पंपाचे पाते अनेकदा प्लास्टिकचे असते आणि ते वयोमानाने तडकते. टायमिंग बेल्ट बदलताना धातूच्या पात्याचा पंप बसवून घेतला, तर एकाच मजुरीत दोन्ही धोके टळतात. रॅडिएटरमध्ये बोअरचे पाणी कधीही भरू नये, कारण आपल्याकडच्या जड पाण्याचा क्षार आतल्या बारीक नळ्यांत साचतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कंपनीने सांगितलेले कूलंट हेच मिश्रण वापरावे.

टर्बोची प्रकृती हाताने तपासता येते. गाडी पूर्ण थंड असताना हवेच्या फिल्टरकडून येणारा पाइप काढून चक्राचा मधला नट दोन बोटांत धरला, तर बाजूला किंचित हालचाल जाणवणे स्वाभाविक असते. पण चक्र आत-बाहेर सरकत असेल किंवा पाती भिंतीला घासल्याच्या खुणा दिसत असतील, तर ती गाडी ट्रॅकवर नेऊ नये. त्याच वेळी रबरी पाइप दाबून पाहावेत, कारण तेल मुरून मऊ पडलेला पाइप गॅरेजमध्ये शाबूत दिसतो आणि पूर्ण दाबाखाली फाटतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. हे इथेनॉल ज्या उसापासूनही बनते, तो ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यात त्याचे कौतुक रास्तच आहे, परंतु २००४ च्या गाडीची इंधनाची रबरे त्या मिश्रणासाठी घडवलेली नव्हती, म्हणून तीही बदलून घ्यावीत.

सर्वांत मोठी उष्णता मात्र इंजिनाच्या शक्तीत नव्हे, तर गाडी थांबवण्यात असते. चालकासह १,४०० किलो वजनाची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून ६० वर आणताना जी ऊर्जा ब्रेकमध्ये उतरते, तिच्यात सुमारे चार लिटर पाणी उकळीला येईल आणि ट्रॅकवर हे प्रत्येक फेरीत घडते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंशांना उकळते, पण ओलावा मुरल्यावर तोच अंक १५५ पर्यंत उतरू शकतो. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पायाखालचा पेडल काहीही न थांबवता तळाला जातो.

टायरच्या बाजूवरील चार आकड्यांत त्याचे वय लिहिलेले असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षे उलटलेला टायर नक्षी शाबूत असली तरी बदलावा. सामान्य विमा वेगाच्या चाचणीतील नुकसान भरून देत नाही, हेही आधीच लक्षात असू द्यावे. फेऱ्या संपल्यावर शेवटची फेरी हळू घ्यावी, म्हणजे टर्बोतील तेल जळून कोळसा होत नाही, आणि गाडी उभी करताना हँडब्रेक न ओढता ती गिअरमध्ये ठेवावी, कारण तप्त डिस्कला पॅड चिकटतात.

एवढे सगळे एकदम जमणार नसेल, तर ज्याला आपल्या गाडीचे ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले हे आठवत नाही, त्याने बाकी सर्व बाजूला ठेवून आधी तेवढे बदलून घ्यावे. इतर कोणत्याही कामापेक्षा त्याचा खर्च कमी आहे.