पुढचा अध्यक्ष कोण?

एखाद्या राजकीय पक्षाच्या अध्यक्षाचे आसन डळमळू लागले की त्याच्या वारसांची नावे प्रथम वर्तमानपत्रांत उमटतात आणि मग पानठेल्यांवर त्यांचा ऊहापोह सुरू होतो. भंडारा जिल्ह्यास या ऊहापोहात विशेष गोडी वाटावी असा प्रसंग अलीकडेच येऊन गेला. साकोलीचे आमदार नाना पटोले ५ फेब्रुवारी २०२१ रोजी महाराष्ट्र प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले; त्यासाठी आदल्याच दिवशी त्यांनी विधानसभेच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला होता. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांच्या पक्षास राज्यात १३ जागा मिळाल्या, तेव्हा त्यांचे आसन भक्कम दिसू लागले. अवघ्या सहा महिन्यांत चित्र पालटले. विधानसभेत पक्षाच्या वाट्यास १६ जागा आल्या आणि स्वतः पटोले साकोलीत केवळ २०८ मतांनी तरले. यानंतर नवा अध्यक्ष कोण, याची चर्चा न होती तरच नवल!

सतेज पाटील, विश्वजित कदम, अमित देशमुख अशी नावे पुढे आली. प्रत्येक नावामागे गणित होते : कोणाच्या पाठीशी कोणता विभाग, कोणता समाज, कोणत्या सहकारी संस्था, कोणाच्या वडिलांची पुण्याई. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी नाव जाहीर झाले ते बुलढाण्याचे माजी आमदार हर्षवर्धन सपकाळ यांचे. पक्षाच्या पंचायत राज संघटनेत काम केलेले हे गृहस्थ; त्यांचे नाव फारच थोड्यांच्या यादीत होते.

तर्क करणाऱ्यांचे गणित चुकले असे म्हणण्यापेक्षा त्यांनी दुसऱ्याच परीक्षेची तयारी केली होती, असे म्हणणे अधिक रास्त होईल. त्यांनी उमेदवारांचे बळ मोजले; परंतु बळ मोजावे लागते ते निवडणुकीत. प्रदेशाध्यक्षाची नेमणूक दिल्लीहून होते आणि नेमणारा मनुष्य बलवान सरदारापेक्षा आपल्या शब्दाबाहेर न जाणारा कारभारी पुष्कळदा अधिक पसंत करतो. पेशव्यांच्या दप्तराशी ज्यांचा परिचय आहे त्यांना यात काही अपूर्व वाटणार नाही. तेव्हा अध्यक्ष कोण होणार या प्रश्नाच्या आधी तो कोण ठरविणार हा प्रश्न विचारला पाहिजे, आणि नेमका तोच बहुधा विचारला जात नाही.

मतदान झाले म्हणजे हा प्रश्न मिटतो, असेही नाही. भंडारा व जबलपूर हे जिल्हे मध्यप्रांत-वऱ्हाड या एकाच प्रांतात होते त्या काळची गोष्ट. जानेवारी १९३९ मध्ये काँग्रेसच्या प्रतिनिधींनी सुभाषचंद्र बोस यांना १५८० मते दिली आणि पट्टाभि सीतारामय्या यांना १३७७. निकाल स्पष्ट होता. तथापि मार्चमध्ये जबलपूरजवळच्या त्रिपुरी अधिवेशनात असा ठराव संमत झाला की कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. एप्रिलअखेर सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. खुर्ची प्रतिनिधींनी दिली होती. अधिकार मात्र त्यांच्या हाती नव्हताच.

पण ठरविणारा कोणीच उरला नाही तर काय होते? याचे उत्तर शोधू जाता पुन्हा भंडाऱ्याच्याच वाटेने जावे लागते. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. तेव्हा हा मतदारसंघ द्विसदस्य होता : एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे उभे राहिले. सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. मेहता निवडून आले. बाबासाहेबांना मात्र काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी हरविले. १९५२ साली मुंबईतही त्यांचा पराभव झाला होता. तरीही त्यांच्या अनुयायांच्या निष्ठेत तिळभर उणेपणा आला नाही. नेतृत्व मतपेटीवर अवलंबून नसते, याचा याहून मोठा दाखला कोणता द्यावा?

या फेडरेशनचे अध्यक्ष मात्र बाबासाहेब नव्हते. १९४२ साली नागपुरात पक्ष स्थापन झाला तेव्हापासून अध्यक्षपदी मद्रासचे एन. शिवराज होते. म्हणजे अध्यक्ष एक आणि नेता दुसरा, आणि यात कोणास विसंगती वाटत नसे. ती जाणवली ६ डिसेंबर १९५६ नंतर. अध्यक्ष जागेवर होता, नेता गेला होता. लाखो माणसांनी त्याच्याच शब्दावर दोन महिन्यांपूर्वी नागपूरला धर्मांतर केले होते. सार्वत्रिक निवडणूक तोंडावर होती. आणि पुढे कोणामागे चालावे हे सांगणारा कोणी नव्हता. काही काळ अध्यक्षीय मंडळाने कारभार पाहिला. बाबासाहेबांच्या संकल्पनेतील रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात स्थापन झाला आणि अध्यक्षपद पुन्हा शिवराज यांच्याकडेच गेले. तडजोड म्हणून ते शहाणपणाचे होते; पण मूळचा प्रश्न तसाच राहिला.

दादासाहेब गायकवाड हे नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहापासूनचे सहकारी, धोतर नेसणारे, खेड्यातल्या भूमिहीनाची भाषा बोलणारे. बी. सी. कांबळे हे वकील, घटनेच्या चौकटीवर भिस्त ठेवणारे. दोघेही १९५७ साली लोकसभेत निवडून गेले होते आणि दोघेही बाबासाहेबांचाच दाखला देत होते. लवकरच पक्ष दुभंगला. कांबळे यांचा गट ‘दुरुस्त’ म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि मग दुसरा गट ‘नादुरुस्त’ ठरणे ओघानेच आले! पुढे आर. डी. भंडारे काँग्रेसमध्ये गेले, चांद्याचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा गट निराळा झाला. यात व्यक्तींचा अहंकार नव्हता असे नाही; परंतु सारा दोष त्यावर ढकलणे अन्यायाचे आहे. तंटा तोडण्याची रीतच पक्षात रुजली नव्हती, कारण तोवर एका माणसाचा शब्द हीच रीत होती. १९९८ साली प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई आणि जोगेंद्र कवाडे हे चौघे एकदम लोकसभेत गेले. एकोप्याने केवढे यश मिळते हे त्या वर्षी दिसले. एकोपा मात्र टिकला नाही.

नेता हयात असताना काय घडते याचा नमुना २०२३ चा आहे. २ मे रोजी शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेसचे अध्यक्षपद सोडण्याची घोषणा केली. ५ मे रोजी पक्षाच्या समितीने ती अमान्य केली. मधले तीन दिवस तर्कवितर्कांना ऊत आला होता. १० जून रोजी सुप्रिया सुळे आणि गोंदियाचे प्रफुल्ल पटेल असे दोन कार्याध्यक्ष नेमण्यात आले. गोंदिया १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होते, तेव्हा जुन्या मंडळींनी त्या नेमणुकीत आपलाही वाटा मानला असल्यास नवल नाही. २ जुलैस पक्ष फुटला आणि दोन कार्याध्यक्ष दोन बाजूंना गेले.

कायद्याचे साहाय्य या बाबतीत तोकडे आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ प्रमाणे पक्षाची नोंदणी होते, पक्षाने आपली घटना निवडणूक आयोगास सादर करावयाची असते आणि संघटनेच्या निवडणुका घेतल्याचे कळवावयाचे असते. पण प्रांताचा अध्यक्ष सभासदांच्या मतानेच निवडावा, अशी सक्ती त्यात नाही. साकोलीच्या ज्या मतदारांनी २०८ मतांनी एका प्रदेशाध्यक्षाची आमदारकी राखली, त्यांच्यापैकी जे पक्षाचे सभासद होते त्यांनाही, नवा प्रदेशाध्यक्ष कोण हे इतरांबरोबर बातमीतूनच कळले.