युद्धोत्तर जुबा आणि बाहेरून आलेले कष्टकरी
सुदानमधील दोन दशकांहून अधिक काळ चाललेले यादवी युद्ध जानेवारी २००५ च्या सर्वंकष शांतता कराराने थांबले आणि दक्षिणेची राजधानी ठरलेल्या जुबा शहराकडे युगांडा, केनिया, इथिओपिया व एरिट्रिया येथील लोक उपजीविकेच्या शोधात येऊ लागले. युद्धाने स्थानिक शेती व व्यापार मोडकळीस आणला होता. उलट तेलाच्या उत्पन्नातून होणारे सरकारी पगार व मदतसंस्थांचा खर्च यांमुळे मागणी वाढली आणि ही पोकळी नवागतांनी भरून काढली. युगांडातील व्यापारी निमुले सीमेवरून टोमॅटो, कांदे, केळी आणत, युगांडाचेच तरुण ‘बोडाबोडा’ म्हणजे प्रवासी वाहून नेणारी भाड्याची मोटारसायकल चालवत, तर एरिट्रियन व इथिओपियन व्यावसायिकांनी हॉटेले आणि नाईलचे पाणी पुरवणारे टँकर यांत जम बसवला. मात्र स्थानिक तरुण बेरोजगारच राहिल्याने असंतोष वाढला, २०१३ मध्ये दक्षिणेच्या सरकारने परदेशी बोडाबोडाचालकांवर बंदी घातली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा युद्ध भडकताच अनेक नवागतांना चालता धंदा सोडून मायदेशी परतावे लागले. नवागतांच्या श्रमांमुळे उद्ध्वस्त प्रदेश लवकर सावरतो, हे खरे. परंतु कौशल्य, भांडवल व रोजगार यांत स्थानिकांना न्याय्य वाटा मिळाल्याशिवाय आणि शांतता टिकल्याशिवाय ती उभारणी तग धरू शकत नाही.