न्यायाधीश येतो तेव्हा झाडं का गातात?

पुण्याच्या लष्कर भागातलं ‘लाल देऊळ’, म्हणजे व्यापारी डेव्हिड ससूनच्या देणगीतून १८६७ मध्ये पूर्ण झालेलं ओहेल दाविद सिनेगॉग. अनेक ज्यू प्रार्थनास्थळांत शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीदिनाच्या, स्वागताला बायबलमधली ९५ ते ९९ ही स्तोत्रं म्हटली जातात. त्यांतल्या दोहोंत देव पृथ्वीचा न्याय करायला येतो, आणि गंमत म्हणजे त्याच्या येण्याने सृष्टीला आनंद होतो. ९६ व्यात रानातली झाडं गातात, ९८ व्यात नद्या टाळ्या वाजवतात. हिब्रू ‘शाफात’ या क्रियापदात शिक्षेइतकाच विस्कटलेली घडी नीट बसवण्याचा अर्थ आहे. नाडलेला माणूस ‘देव बघून घेईल’ म्हणतो, त्यात शाप असतो तसा दिलासाही; तसंच हे. शिक्षेची बाजूही आहेच: ७५ व्या स्तोत्रात देवाच्या हातातला फेसाळत्या द्राक्षारसाचा प्याला दुर्जनांना गाळासकट प्यावा लागतो.