चार बटणांच्या प्रभागात राखीव जागा कुणाची?

१५ जानेवारी २०२६ रोजी पिंपरी-चिंचवडच्या मतदाराने चार बटणे दाबली. अ, ब, क आणि ड. पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती. त्यानंतर जवळजवळ चार वर्षे या शहरावर प्रशासकाने राज्य केले. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे असे घटनेचे कलम २४३-यू सांगते. पण सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश देईपर्यंत आणि नंतर ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची तारीख ठरवून देईपर्यंत सरकार हलले नाही. त्यामुळे निवडणूक झाली याचाच आनंद लोकांना इतका झाला, की ती कोणत्या पद्धतीने झाली हे विचारायचे राहून गेले. तो प्रश्न आंबेडकरी समाजाने तरी विचारायलाच हवा.

२०११ च्या जनगणनेनुसार पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाख २७ हजार ६९२ होती, त्यात अनुसूचित जातींची २ लाख ७३ हजार ८१०. त्या प्रमाणात १२८ पैकी २० जागा राखीव. वीस नगरसेवक म्हणजे कमी ताकद नव्हे! मग सभागृहात वस्तीचा प्रश्न आला की या वीस जणांचा एक आवाज का निघत नाही? आपले लोक विकले जातात, असे सोपे उत्तर आपल्याकडे लगेच दिले जाते. विकले जाणारे असतीलही. पण जी रचना माणसाला निवडून येण्यापूर्वीच मिंधा करते, तिच्याकडे आपण बघणार की नाही?

साधा हिशेब करू. १२८ जागा आणि ३२ प्रभाग, म्हणजे एका प्रभागात चार नगरसेवक. जनगणनेच्या आकड्यावर सरासरी काढली तर एका नगरसेवकामागे साडेतेरा हजार माणसे येतात, प्रभागात चोपन्न हजार. आता सात हजारांची एक वस्ती घ्या. साडेतेरा हजारांच्या एकसदस्यीय वॉर्डात ही वस्ती निम्म्याहून अधिक होते, म्हणजे निर्णय तिच्या हातात. तीच वस्ती चोपन्न हजारांच्या प्रभागात शंभरात तेरा उरते. माणसे तीच, घरे तीच, राखीव जागाही तीच. पण ती जागा कुणी भरायची हे ठरवणारे शंभरातले सत्त्याऐंशी लोक आता वस्तीबाहेरचे.

२००२ साली तीन सदस्यांचा प्रभाग होता. २००७ ला पुन्हा एकाचा वॉर्ड आला, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा. मधल्या काळात एकसदस्यीय, मग तीन सदस्यीय असे कायदे बदलले आणि २०२२ मध्ये गाडी परत चारवर आली. मुंबईत मात्र २२७ वॉर्ड एकेका नगरसेवकाचेच आहेत. मुंबईचा कायदा वेगळा, हे वकील म्हणून मलाही माहीत आहे. पण मुंबईच्या मतदाराला एकच नगरसेवक पुरतो आणि पिंपरीच्या मतदाराला चार लागतात, याचे लोकशाहीतले कारण काय, ते आजवर कुणी पटेल असे सांगितलेले नाही.

२००७ च्या वॉर्डात सरासरी साडेनऊ-दहा हजार लोकसंख्या होती. कंपनीतली पाळी संपवून आलेला कार्यकर्ता संध्याकाळी पायी फिरला तरी पंधरा दिवसांत घरोघर पोचत असे. २०२६ च्या मतदार यादीत १७ लाखांहून अधिक नावे होती, म्हणजे प्रभागात सरासरी पन्नास हजारांवर मतदार. तिथे पायी फिरून भागत नाही. गाड्या लागतात, पत्रके लागतात, प्रत्येक केंद्रावर माणसे बसवावी लागतात. ते सगळे ज्याच्याकडे असते तो पॅनेलप्रमुख असतो. तो बहुधा सर्वसाधारण जागेवर उभा असतो, जमीन आणि गावकी-भावकी त्याच्या पाठीशी असते आणि राखीव जागेसाठी त्याला आपल्यातला एक ‘चालणारा’ चेहरा हवा असतो. या ‘चालणारा’ शब्दाचा अर्थ वाचकांना फोड करून सांगायला नको.

२०१७ च्या निवडणुकीत राखीव जागेवर उभ्या असलेल्या एका ताईंची कागदपत्रे मी तपासली होती. जात पडताळणी, शपथपत्र, सगळे व्यवस्थित होते. निवडून आल्यावर वस्तीतल्या नळजोडाच्या कामासाठी आम्ही त्यांच्याकडे पत्र मागायला गेलो. ताई प्रामाणिक, वस्तीतच वाढलेल्या. म्हणाल्या, ‘‘वकीलसाहेब, लेटरहेड भाऊंच्या ऑफिसात असतं. त्यांना विचारून देते.’’ भाऊ म्हणजे पॅनेलप्रमुख. त्या दिवशी मला ताईंचा राग आला होता. आज येत नाही. त्यांच्या मतांचा मोठा वाटा भाऊंच्या यंत्रणेने आणला होता आणि ते दोघांनाही ठाऊक होते.

हा प्रश्न नवा नाही. पिंपरीपासून तासाभराच्या अंतरावर येरवडा आहे. तिथे २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा आल्या. पण त्या करारातही एक कुंपण होते. राखीव जागेसाठी आधी अस्पृश्य मतदारांनीच चार जणांचे पॅनेल निवडायचे आणि मग त्या चौघांतून सर्वांनी मिळून एकाला निवडायचे. पॅनेल तेव्हाही होते, पण ते आपल्या माणसांनी निवडलेले होते. आजचे पॅनेल कुणाच्या बंगल्यात ठरते?

पुढे १९३५-३६ मध्ये हॅमंड समितीपुढे मतदानाच्या पद्धतीचा वाद आला. एका मतदारसंघात अनेक जागा असतील तर मतदाराने आपली मते वेगवेगळ्या उमेदवारांना वाटावीत, हे काँग्रेसचे म्हणणे. बाबासाहेबांचा आग्रह उलट होता. मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता आली पाहिजेत, तरच अल्पसंख्य समाज आपला खरा माणूस निवडू शकेल. मुंबई प्रांतात ती पद्धत मिळाली. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाने राखीव जागांपैकी बहुसंख्य जिंकल्या. स्वतः बाबासाहेब मुंबईतून निवडून आले आणि काँग्रेसने त्यांच्यासमोर उभे केलेले नामवंत क्रिकेटपटू बाळू पालवणकर पडले.

स्वातंत्र्यानंतर ही सोय गेली. १९५२ मध्ये उत्तर मुंबई हा दोन सदस्यांचा मतदारसंघ होता आणि दोन्ही मते एकाच उमेदवाराला देण्यास कायद्याने मनाई होती. बाबासाहेबांना १ लाख २३ हजार ५७६ मते पडली, काजरोळकरांना १ लाख ३८ हजार १३७. त्या मतदारसंघात बाद आणि वाया गेलेल्या मतांची संख्या ही तफावत गिळून उरेल एवढी मोठी होती. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी त्याविरुद्ध निवडणूक अर्जही केला. १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूकही द्विसदस्यीयच, आणि तिथेही घटनेचे शिल्पकार पराभूत झाले. शेवटी १९६१ मध्ये संसदेने कायदा करून द्विसदस्यीय मतदारसंघच रद्द केले. लोकसभा आणि विधानसभेसाठी जी रचना देशाने मोडीत काढली, ती नगरपालिकांच्या दारातून पुन्हा आत आली.

आणि आली ती अधिक वाईट होऊन. आज चार मते आहेत, पण प्रत्येक मत वेगळ्या जागेसाठी बांधलेले. आपली चारही मते राखीव जागेवरच्या आपल्या उमेदवाराला देता येत नाहीत. नको असेल तिथे ‘वरीलपैकी कोणीही नाही’चे बटण दाबा, एवढीच मोकळीक.

बहुसदस्यीय प्रभाग जगात इतरत्रही आहेत. स्कॉटलंडमध्ये २००७ पासून तीन-चार सदस्यांच्या प्रभागात मतदार पसंतीक्रम देतो आणि मतांच्या प्रमाणात लहान गटालाही जागा मिळते. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये तीन-तीन सदस्यांचे ४० मोठे प्रभाग होते. २०१८ मध्ये ते मोडून एक किंवा दोन सदस्यांचे ६९ छोटे प्रभाग केले गेले. सांगायचे एवढेच, की प्रभाग मोठा ठेवायचा तर मतदानाची पद्धत बदला, नाहीतर प्रभाग लहान करा. आपल्याकडे दोन्हींतले सोयीचे तेवढे उचलले आहे.

एकसदस्यीय वॉर्ड म्हणजे रामबाण, असे मी म्हणत नाही. लहान वॉर्डात नकाशावरची एक रेघ वस्तीच्या मधून ओढली की काम होते. आरक्षण दुसरीकडे सरकले की वस्तीला पुढची पाच वर्षे कुणी विचारत नाही. चार सदस्यांच्या बाजूने बोलणारे हे सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पण रेघेवर हरकत घेता येते. बंगल्यात ठरलेल्या पॅनेलवर हरकत घेण्याची सोय कोणत्याच कायद्यात नाही.

दुसरी गोष्ट मतदार यादीची. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या चाकण पट्ट्यातल्या गावांत खोल्या भाड्याने घेऊन राहणारी आपली पोरे मराठवाड्या-विदर्भातून आलेली आहेत. कंत्राटी काम, आणि मत गावाकडे. इथल्या ग्रामपंचायतीचे पाणी पितात, पण यादीत नाव नाही. घर स्वतःचे असावे असे कायदा म्हणत नाही. नेहमीचे वास्तव्य पुरते. नाव हलवायला नमुना क्रमांक ८ आहे. खोलीमालक भाडेकरार करून द्यायला कां कूं करतो, हे खरे. म्हणून हे काम एकट्या पोराचे नाही, शाखेचे आहे. आणि ते निवडणूक जाहीर झाल्यावर करून उपयोग नाही. महापालिकेसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती, त्यानंतर नोंदवलेले नाव बाद.

तिसरी, जनगणना. २०२६ च्या वीस जागा २०११ च्याच आकड्यावर बेतलेल्या. फेब्रुवारी २०२७ मध्ये पुढची मोजणी ठरली आहे. धर्म बौद्ध लिहिणे हा आपला अभिमान आहेच. पण अनुसूचित जातीच्या रकान्यात जात लिहिली नाही, तर तो माणूस राखीव जागांच्या गणितात धरला जात नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे, तेव्हा दोन्ही लिहिण्यात कायद्याची अडचण नाही. मनाची अडचण आहे हे मी जाणतो. त्यावर विहारांतून आताच बोलले पाहिजे, मोजणीदार दारात आल्यावर नव्हे.

आणि देहूरोड. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वहस्ते जिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, त्या विहाराच्या आसपास राहणाऱ्या माणसांनी कॅन्टोन्मेंट बोर्डासाठी शेवटचे मत जानेवारी २०१५ मध्ये दिले. २०२३ साली ३० एप्रिल ही मतदानाची तारीख जाहीर झाली आणि महिन्याभरात मागे घेतली गेली. बोर्डाचा नागरी भाग महापालिकेत घेण्याची चर्चा चालू आहे. तो आला की प्रभागांचे नकाशे नव्याने निघतील, प्रारूप रचना टांगली जाईल आणि हरकतींसाठी थोडेच दिवस मिळतील. देहूरोडच्या वस्त्या अखंड राहतात की तीन प्रभागांत वाटल्या जातात, ते त्या दिवसांत ठरेल. वस्तीवार घरांची मोजदाद आणि नकाशे आतापासून तयार ठेवायला ज्यांना वेळ आहे, त्यांनी रविवारी विहारात भेटावे. हरकतींचा मसुदा मी करून देतो.